अठरा पीळ

अप्पा, गेल्या शनिवारी मी आपल्या स्वयंपाकघराची खिडकी उघडली. तुम्ही ती दोन्ही बाजूंनी स्क्रू मारून बंद केली होतीत, त्याला तेहेतीस वर्षं झाली. वर रंगाचे इतके हात बसले होते की स्क्रूंची डोकी बोटांनी चाचपडून शोधावी लागली. बसवनगुडीतलं आपलं वठार आता पाडणार आहेत. घरमालक कधीच गेले, त्यांच्या मुलानं फोन केला, "अक्का, सोमवारी मशीन येतंय, तुमच्या घरातलं काही पाहिजे असेल तर घेऊन जावा." तुम्ही गेल्यावर तीन वर्षांनी आईनं आणि मी ते घर सोडलं. नंतर घरमालकांनी तिथं त्यांचं जुनं सामान भरून ठेवलं होतं. मला हवं असण्यासारखं तिथं काहीच नव्हतं. तरी मी के. आर. पुरमहून मेट्रोनं गेले. पिशवीत स्क्रू-ड्रायव्हर होता, पकड होती आणि विमानाच्या बॅगा तोलायचा तो छोटा हुकाचा काटा होता. काटा मी निघतानाच घेतला होता. म्हणजे जाण्याआधीच मला संशय होता. हे आधी लिहून ठेवते, कारण पुढे जे सांगणार आहे ते अचानक सापडल्याचा आव मला आणायचा नाही.

तुमचं काम मला अजून चांगलं आठवतं. शहरात सुतार पुष्कळ होते, पण वर-खाली सरकणाऱ्या खिडक्यांचे मेस्त्री तुम्ही जवळजवळ एकटेच. कॅन्टोन्मेंटातले जुने बंगले, एक-दोन वसतिगृहं, एक क्लब, एवढ्याच ठिकाणी तशा खिडक्या होत्या आणि त्या सगळ्या तुमच्या हातून गेलेल्या. वठारातले लोक तुम्हाला 'मेले-केळगे मेस्त्री' म्हणायचे, कन्नडमध्ये वर-खाली मेस्त्री. आईला त्यातला पहिला शब्द मराठीतच ऐकू यायचा आणि ती चिडायची, "सकाळी सकाळी काय मेले मेले लावलंय यांनी." तुम्ही हसायचात. त्या खिडक्यांचं तुम्हाला वेड होतं. जुन्या खिडक्यांना दोऱ्या असायच्या आणि भिंतीच्या पोकळीत लोंबणारी लोखंडी वजनं. दोरी कुजली की खिडकी गेली. तुम्ही दोऱ्या काढून स्प्रिंगा बसवायचात. हातभर लांब पत्र्याची नळी, तिच्या आत स्प्रिंग, आणि नळीतून बाहेर येणारी पीळ दिलेली लोखंडी पट्टी. खिडकीच्या सरकत्या चौकटीला डावीकडे एक आणि उजवीकडे एक. बरोबर बसली की एका बोटानं उचलावी आणि सोडाल तिथं थांबावी. बंगल्यातल्या म्हाताऱ्या बायका ते करून बघायच्या आणि लहान मुलीसारख्या खूष व्हायच्या. तुम्ही ज्या कारखान्यात होतात तो बंद पडला, तेव्हा उरलेल्या स्प्रिंगा तुम्ही घरी आणल्यात आणि पलंगाखाली गोणपाटात गुंडाळून ठेवल्यात. पांढऱ्या टोकाच्या हलक्या चौकटींसाठी, लाल टोकाच्या जड चौकटींसाठी. पांढरी जोडी आठ किलोपर्यंत, लाल पंधरापर्यंत. हे तुम्ही माझ्याकडून पाढ्यांसारखं म्हणवून घेतलं होतं.

रविवारी तुम्ही मला कामावर न्यायचात. मी तेरा वर्षांची होते आणि माझं काम मोजायचं होतं. तुम्ही चौकटीला काच बसवून, काचेच्या कडेचं पोटीन वाळवून, मगच ती काट्याला टांगायचात. काचेशिवाय वजन घ्यायचं नाही हा तुमचा पहिला नियम. मग पट्टी बाहेर ओढून, गोल फिरवत आतल्या स्प्रिंगला पीळ द्यायचात. जितके पीळ जास्त, तितकी स्प्रिंग ताठ. दोन्ही बाजूंना पीळ सारखेच हवेत, नाहीतर चौकट तिरकी धावते आणि अडकते. तुमच्या तोंडात स्क्रू असायचे, दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळे तुम्हाला मोठ्यानं मोजता यायचं नाही. बाकीचे सुतार आसपास कन्नड आणि तमिळमध्ये आकडे बोलत असायचे, म्हणून मी मराठीत मोजायचं ठरलं होतं, म्हणजे तुमच्या कानाला वेगळं कळेल. एक, दोन, तीन. पांढरी असेल तर बारा, त्याच्या वर एकही नाही. एकदा एका बंगल्यात मी बाहेरच्या मांजराकडे बघत राहिले आणि तुम्ही विचारल्यावर म्हणाले, साधारण नऊ झाले असतील. तुम्ही स्क्रू तोंडातून काढलेत. "साधारण म्हणजे किती? खिडकीला साधारण कळत नाही." तुम्ही पट्टी सोडून दिलीत, ती गरगर फिरत मोकळी झाली, आणि तुम्ही पहिल्यापासून सुरुवात केलीत. त्यानंतर मी कधीच चुकले नाही. हे मी आज ठामपणे लिहू शकते. शनिवारपर्यंत लिहू शकत नव्हते.

आपल्या घरी तशी खिडकी बसवायचं तुमच्या मनात फार दिवस होतं. एका पाडलेल्या बंगल्यातून तुम्ही एक सागवानी चौकट आणलीत, तासून लहान केलीत, आणि आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीत बसवलीत. अख्ख्या वठारात ती एकच तशी खिडकी. तिला साधी पातळ काच होती, पांढऱ्या टोकाच्या स्प्रिंगा होत्या, आणि ती सुरेख चालायची. शेजारच्या अक्का, त्या नळाजवळच्या खोलीत राहायच्या त्या, येऊन दहा वेळा उचलून बघून गेल्या. पण खिडकी नळाच्या बरोबर समोर होती. पाणी भरायला आलेलं सगळं वठार आपल्या चुलीकडे बघायचं, आणि आई म्हणाली, मला दुधी काच पाहिजे, मी काय फोडणी देते ते सगळ्यांनी कशाला बघायचं. तुम्ही दुधी काच आणलीत. जाड होती, बंगल्यातल्या न्हाणीघराची असावी. लाल टोकाच्या स्प्रिंगा तेव्हा संपल्या होत्या. शेवटची जोडी तुम्ही आदल्याच महिन्यात क्लबाला बसवून दिली होतीत. तुम्ही काच बदललीत आणि स्प्रिंगा त्याच ठेवल्यात.

वजन घेतलं नाहीत. मला आठवतं, मी काटा आणून दिला होता आणि तुम्ही तो खुंटीला तसाच राहू दिलात.

खिडकी खाली यायला लागली. पडायची नाही, हळूहळू यायची. वर करून पानावर बसावं आणि भात संपेपर्यंत ती हातभर खाली आलेली असावी. दोन-तीन दिवसांत अक्कांच्या लक्षात आलं. नळावर पाच-सहा जणी असताना त्यांनी तुम्हाला हाक मारली, "मेस्त्री, तुमच्या खिडकीला झोप येतेय बघा!" सगळ्या हसल्या. अक्का काही वाईट नव्हत्या. त्यांची ती बोलायची पद्धत होती. पण तुमच्या मानेवरची शीर मी पाहिली. तुम्ही आत आलात, हत्यारांची पेटी उघडलीत आणि मला म्हणालात, "ये, मोज."

मी मोजलं. बारा झाले तेव्हा मी थांबले. तुम्ही थांबला नाहीत. मी म्हणाले, "अप्पा, बारा झाले." तुम्ही स्क्रू दातांत धरून म्हणालात, "मोज तू." तेरा. चौदा. पट्टी तुमच्या हातात थरथरत होती आणि नळीतून एक बारीक आवाज येत होता, दात खाल्ल्यासारखा. अठराला तुम्ही स्क्रू आवळलात. मग दुसरी बाजू, तीही अठरा. खिडकी वर केलीत आणि ती खिळून राहिली. तुम्ही दार उघडून नळाकडे बघत मोठ्यानं म्हणालात, "झोप उडाली हो अक्का!" त्या दिवशी तुम्ही खूष होतात. मला बनशंकरीच्या बाजूला नेऊन मसाला डोसा खाऊ घातलात.

तीन दिवसांनी, बुधवारी, मी शाळेतून आले तेव्हा आपल्या दाराला कडी होती. अक्कांनी मला त्यांच्या घरात बसवलं आणि लिंबाचं सरबत दिलं. दुपारी तुम्ही जेवायला घरी होतात. आई खिडकीतून हात काढून बाहेरच्या कठड्यावर मिरच्यांचं ताट वाळत ठेवत होती, डावी स्प्रिंग तुटली, आणि अख्खी चौकट तिच्या उजव्या हातावर आली. तुम्ही तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतंत. अक्का मला हे सांगताना सारखं "एनू आगल्ल, काही होत नाही" म्हणत होत्या.

संध्याकाळी तुम्ही परत आलात. दिवस अजून पुरता मावळला नव्हता. अंगणात बरीच माणसं होती, घरमालकही होते. आईचा हात पांढऱ्या पट्टीत कोपरापर्यंत. अक्कांनी विचारलं, "हे झालं कसं मेस्त्री? तुमच्या हातची खिडकी?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी सरबताचा पेला घेऊन दारात उभी होते. तुम्ही म्हणालात, "हिनं मोजलं होतं. मोजण्यात चुकली. बारा सांगितले होते, जास्त पीळ बसले." मी म्हणाले, "अप्पा, मी अठरा..." आणि तुम्ही म्हणालात, "बारा. मी बारा म्हटलं होतं." तुमचा आवाज चढला नव्हता. अक्का म्हणाल्या, "बिडी मेस्त्री, चिक्क मगू, सोडा, लहान पोर आहे." घरमालक मान हलवत म्हणाले, पोरांच्या हाती असली कामं द्यायची नसतात. आई माझ्यापासून चार हातांवर उभी होती. ती काही बोलली नाही. मला वाटलं तिला दुखतंय.

दुसऱ्या दिवशी तुम्ही खिडकी खाली केलीत आणि स्क्रू मारून टाकलेत. तुटलेली स्प्रिंगही बदलली नाहीत. तुमच्यासारख्या माणसानं स्वतःच्या घरची खिडकी अशी बुजवावी याचं मला तेव्हाही नवल वाटलं होतं. पण मी ते माझ्या चुकीच्या खाती घातलं. मला वाटलं, तुम्हाला ती बघवत नाही, माझ्यामुळे.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, म्हणजे बाहेरून माहीत आहे. आईची पहिली दोन बोटं वाकायची बंद झाली. ती वठारातल्या बायकांची ब्लाउजं शिवायची, ते बंद झालं. मशीन तिनं मावशीला देऊन टाकलं. भाजी चिरणं, पीठ मळणं, कुलूप उघडणं, सगळं मी शिकले, कारण माझ्यामुळे गेलेल्या हाताच्या जागी माझाच हात लागायला हवा होता. तुम्ही मला परत कधी कामावर नेलं नाहीत. मी विचारलंही नाही. दोन महिन्यांनी तुम्ही माझ्यासाठी सायकल आणलीत, नवी, निळी, पुढे जाळीची टोपली असलेली. आपल्या घरात नवीन वस्तू येणं म्हणजे काय, हे मला कळण्याइतकी मी मोठी होते. मी अंगणात उभी राहून रडले, कारण मला वाटलं तुम्ही मला माफ केलंत. ती सायकल मी सात वर्षं पुसून ठेवली, अप्पा. रोज सकाळी. आता तो फडका आठवला की मला माझीच शिसारी येते. तुमची यायला हवी, पण आधी माझी येते.

दहावीनंतर चांगले गुण होते. धारवाडला शिकायला जावं, वसतिगृहात राहावं असं शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं. मी नाही म्हटलं. तुम्ही पेपर वाचत होतात, तो वाचत राहिलात. मी इथेच कॉलेज केलं, आणि आता बेळ्ळंदूरच्या एका ऑफिसात दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. पुण्याहून आलेली एक मुलगी माझ्या शेजारी बसते, ती म्हणते, "अगं एकदा पास झालं ना टेस्ट, मग परत परत काय रन करतेस? चिल ना थोडी." मी तीनदा करते. गॅस तीनदा बघते. डायरी लिहायला लागले तीही आईचा हात गेला त्याच आठवड्यात, म्हणजे यापुढे मी काय म्हटलं आणि काय केलं ते कुणी बदलून सांगू नये म्हणून. त्यामुळे गंमत अशी की त्या रविवारचं माझ्याकडे काहीच लिहिलेलं नाही. सुरुवातीची काही वर्षं मला पक्कं ठाऊक होतं की मी अठरा म्हटलं होतं. मग मला वाटायला लागलं की कदाचित माझं लक्ष नव्हतं. तोंडानं बारा म्हणत होते आणि तुमचे हात फिरत राहिले. पंचविशीपर्यंत मला ते दिसायलाही लागलं, मी खिडकीबाहेर बघत उभी आहे आणि भलतेच आकडे म्हणते आहे. ते चित्र मी स्वतः तयार केलं होतं. तुमच्या एका वाक्यावरून.

शनिवारी घरमालकांचा मुलगा दारात उभा राहून फोनवर बोलत होता. मी रंग खरवडला, सहा स्क्रू काढले, बाजूच्या पट्ट्या उखडल्या. डावी स्प्रिंग तुटलेलीच होती. उजवी अजून ताणलेली होती. तेहेतीस वर्षं ती तशीच, चौकटीला धरून. तिचं टोक पांढरं होतं. रंगाखाली नखानं खरवडल्यावर दिसलं. पट्टी पकडीत घट्ट धरली, स्क्रू सोडला, आणि एकेक पीळ मोकळा करत मोठ्यानं मोजायला लागले. मराठीतच. मालकांचा मुलगा फोन बाजूला धरून म्हणाला, "एनु लेक्का अक्का? काय मोजताय?" मी हातानं थांब म्हटलं. सतरा. अठरा. मग पट्टी ढिली पडली. म्हणजे मी त्या दिवशी अठरा मोजले होते आणि अठराच होते.

पण हे पुरेसं नव्हतं, हे मला तिथेच उभ्या उभ्या कळलं. तुम्ही म्हणाला असतात, बसले अठराच, मी बारा सांगितले होते. म्हणून चौकट काचेसकट उतरवली. एकटीला झेपेना, मालकांच्या मुलानं फोन खिशात टाकून हात लावला. ती हुकाला टांगून आम्ही दोघांनी उचलली. साडेचौदा किलो. तुमची पांढरी जोडी आठ किलोची, बारा पिळांवर. बारा पिळांवर ती खिडकी अर्धा तासही वर थांबली नसती, आणि ती तीन दिवस थांबली होती, तुम्ही दार उघडून अक्कांना दाखवली होतीत. तुम्हाला हे माहीत नव्हतं असं होऊच शकत नाही. पिळाचा जोर हाताला कळतो, हे तुम्हीच मला शिकवलं होतंत. तुमच्या हातांना बाराच्या पुढचा प्रत्येक पीळ कळला होता. मी तुमच्या बाजूनं विचार करून बघते, ती माझी सवय आहे. तुम्ही घाबरला होतात. लोक उभे होते. एखादं वाक्य तोंडातून निसटतं. निसटलेलं वाक्य मी समजू शकते. पण त्यानंतर तुम्ही चौदा वर्षं जगलात, अप्पा. तेवढ्यात कुठल्याही एका दिवशी, आई बाजारात गेलेली असताना, मला एकटीला सांगता आलं असतं. शेवटी दवाखान्यात मी तुमचे पाय चेपत होते तेव्हा तुम्ही बोललात, तेही काय, तर "आईचं तू फार केलंस गं." मी ते डायरीत लिहून ठेवलं होतं, खाली रेघ मारून. काल ते पान काढून वाचलं. रेघ खोडायची म्हणून पेन घेतलं आणि मग नाही खोडली, कारण जे लिहिलं ते लिहिलं.

चौकट तिथेच भिंतीला टेकवून ठेवली. उजवी स्प्रिंग तेवढी पिशवीत घातली. मेट्रोच्या तपासणीत ती अडकली, तिथल्या बाईनं विचारलं, "मॅडम, ये क्या है?" मी म्हटलं, खिडकी का स्प्रिंग है. तिनं दोन्ही बाजूंनी बघितली, घर के लिए? म्हणून विचारलं आणि जाऊ दिली.

आईला सांगावं की नाही, याचा मी शनिवारी रात्रभर विचार केला. तिच्या आठवणीतले तुम्ही म्हणजे कधी न चुकलेला माणूस. हे सांगून मी तिचा तो माणूस काढून घेणार, आणि कशासाठी, तर तिनं मला एकदा "तुझी चूक नव्हती" म्हणावं म्हणून. या वयात, शेहेचाळीसाव्या वर्षी. मला स्वतःचीच लाज वाटत होती. तरी रविवारी सकाळी तिची वेणी घालताना तोंडातून निघून गेलं. तिला स्वतःला घालता येत नाही, त्या बोटांनी पेड धरला जात नाही. रोज मीच घालते. ती बाल्कनीत खुर्चीवर बसली होती आणि खालचा भाजीवाला पालक किती महाग करून ठेवतोय यावर बोलत होती.

"आई, काल मी त्या खिडकीचं वजन केलं."

"कशाला? विकायचीय की काय?"

"साडेचौदा किलो भरली."

"भरणारच की. ती दुधी काच काय हलकी होती होय?" तिची मान माझ्या हातांत होती, त्यामुळे ती ताठ झालेली मला कळली.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"मला स्प्रिंगांतलं काय कळतंय?"

"आई."

"यांनीच सांगितलं," ती म्हणाली. "दवाखान्यात जाताना, रिक्षात. माझ्या हातावर पंचा धरून रडत होते. पोर बारा झाले म्हणाली, मी ऐकलं नाही, म्हणाले. सारखं तेच. रिक्षावाला वळून वळून बघत होता."

म्हणजे अंगणात यायच्या आधी. म्हणजे अक्कांनी विचारलं तेव्हा तुम्हा दोघांनाही माहीत होतं, आणि मी पेला घेऊन दारात उभी होते.

"मग तू बोलली का नाहीस?"

"काय बोलणार होते? घरमालक समोर उभे. त्यांच्या भावाच्या बंगल्याचं अख्खं काम यांना मिळणार होतं, सोळा खिडक्या. मेस्त्रीची खिडकी मेस्त्रीच्याच बायकोच्या हातावर पडली म्हटल्यावर कोण दारात उभं करून घेतंय? पोरीचं काय, पोरीची चूक लोक चार दिवसांत विसरतात. विसरले की नाही सांग. तुझं काय जाणार होतं त्यात?"

मग ती जरा मऊ आवाजात म्हणाली, "दुधी काच मीच मागितली होती गं. मी यांना कुठल्या तोंडानं बोलणार?"

"मी विसरले नव्हते," मी म्हटलं.

"मग कधी बोललीस? इतक्या वर्षांत एकदा तरी तोंड उघडलंस? मला वाटलं, विसरली असेल. शहाणी पोर आहे, विसरली असेल." मग तिनं उजवा हात उचलून वर केला, ती दोन ताठ बोटं हवेत, आणि म्हणाली, "आणि यांनी तुझ्यासाठी सायकल नाही का आणली?"

सोळा खिडक्यांचं ते काम तुम्हाला मिळालं, हे मला आठवतं. तुम्ही ते वर्षभर केलंत. सायकल त्याच कामातून आली असणार, हे मी आता इथे लिहिताना जुळवते आहे.

तुमच्यावर राग धरणं मला सोपं जातंय, अप्पा, कारण तुम्ही नाही आहात. आई आहे. तिला दुपारी गोळ्या द्यायच्या असतात, तिला मऊ भात लागतो, ती सत्तराच्या पुढे आहे, आणि तेहेतीस वर्षं रोज माझ्या हातचं जेवताना तिला माहीत होतं. हा राग ठेवायला मला जागा सापडत नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. हे पत्र या वहीतच राहील. तुम्हाला पोचायचा प्रश्न नाही, आणि आईला मी वाचून दाखवणार नाही; तिच्या दृष्टीनं सरी, विषय संपला, तिनं लगेच पालकाचं बोलायला घेतलं होतं.

एवढंच लिहायचं राहिलं आहे. ती पालकाचं बोलत असताना मी राहिलेली वेणी घातली. शेवटचा पेड आवळताना केस ओढले गेले, बरेच जोरात. तिचं डोकं मागे आलं, डोळ्यांत पाणी आलं, ती "आई गं, स्वल्प हळू" म्हणाली. मी म्हटलं, चुकून ओढले. चुकून नव्हते, अप्पा.